बाळंतपणाची रजा : कुणाला मिळते आणि कुणाच्या खिशातून?

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या पटांगणावर झाला. त्या वेळी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वेळेअभावी राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांनी फोन करून सांगितलं होतं, "तू पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर पोरांना उपयोगी पडेल असं एआयवर काहीतरी बोल." एआयवर सध्या सगळेच बोलतात. चहाच्या टपरीवरसुद्धा त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे भेटतात. म्हणून मी विषय बदलून मागितला. विषय ऐकल्यावर संयोजक थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "बाळंतपणाच्या रजेवर? स्टेजवरून?" मी म्हटलं, हो, स्टेजवरूनच. कारण आपल्या बहुतेकांच्या लेकी आता बारावीत, कॉलेजात किंवा शेवटच्या वर्षाला आहेत. चार-पाच वर्षांत त्या नोकरीला लागतील, त्यांची लग्नं होतील, आणि मग घरोघरी एक प्रश्न येईल : लेकरू झालं, आता नोकरीचं काय? त्या वेळी सल्ला देणारे आपणच असणार आहोत. आणि आपल्यातले काहीजण आता दवाखाने, दुकानं, कारखाने, क्लासेस चालवतात. म्हणजे रजेच्या अर्जावर सही करणारेही आपणच आहोत.

सुरुवात आपल्याच वर्गापासून करते. मेळाव्याच्या आधी मी काही मैत्रिणींना फोन केले. त्यांपैकी तिघींचं आणि माझं सांगते. नावं घेणार नाही, पण सांगायला त्यांनी हो म्हटलं आहे.

पहिली डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला १८० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने महिला कर्मचाऱ्यांना आणखी १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती तिने मुलाच्या आजारपणात आणि लेकीच्या दहावीत तुकड्यातुकड्यांनी घेतली. ती आजही नोकरीत आहे. सेवापुस्तकात एकही खंड नाही.

दुसरी मी. माझं बाळंतपण २००९ चं. तेव्हा खासगी नोकरीतल्या बाईला १९६१ च्या कायद्याप्रमाणे १२ आठवडे मिळत. चौऱ्याऐंशी दिवस. त्यांतले काही बाळंतपणाआधीच संपले आणि लेकरू सव्वादोन महिन्यांचं असताना मी ऑफिसात हजर झाले. नोकरी टिकली. ती कशी टिकली ते पुढे सांगते.

तिसरी नर्सिंग करून एका मोठ्या शहरात खासगी दवाखान्यात लागली. सातवा महिना लागल्यावर तिला सांगितलं गेलं, "आता घरी आराम कर, नंतर बघू." कागदावर काहीच नव्हतं. काढून टाकल्याचं पत्र नाही, रजा मंजूर केल्याचंही नाही. तिने नंतर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा जागा भरली होती. त्यानंतर तिने नर्स म्हणून कधीच काम केलं नाही. आज ती शिवणकाम करते. आपल्या वर्गात विज्ञानात सगळ्यात जास्त मार्क तिचे असायचे, हे आपल्या सरांना आठवत असेल.

चौथीचं लग्न दहावीच्या निकालाआधीच झालं. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. तिचं दुसरं लेकरू पश्चिम महाराष्ट्रात, हंगामात, फडाजवळच्या कोपीत जन्मलं. पंधराव्या दिवशी ती मोळ्या बांधत होती. "रजा कुणाकडं मागायची?" असं तिनेच मला विचारलं.

एका वर्गातल्या चौघी. एकच अभ्यासक्रम, तेच सर, तेच बाक. बाळंतपण सगळ्यांचं सारखंच, पण त्यानंतर प्रत्येकीचं काय झालं ते ती कुणाकडे काम करत होती यावर ठरलं. मला बोलायचं आहे ते यावर.

थोडा इतिहास सांगते, कारण तो आपल्याच राज्यातला आहे आणि तो शाळेत आपल्याला कुणी शिकवला नव्हता. हिंदुस्थानातला बाळंतपणाच्या भत्त्याचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. तो मुंबईच्या कापड गिरण्यांमधल्या बायकांच्या मागणीतून आणि कामगार चळवळीतून आला. त्याच्या आधी १९२४ मध्ये ना. म. जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात असं विधेयक आणलं होतं, ते मंजूर झालं नाही. मग मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आलं आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. त्यांच्या मांडणीतला एक भाग आजही वाचण्यासारखा आहे. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असं ते म्हणाले. मात्र मालक बाईला कामावर घेतो ते त्याला फायदा होतो म्हणून, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यायला हवा, हेही त्यांनी सांगितलं.

कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या काही आठवड्यांसाठी दिवसाला आठ आणे मिळू लागले. पण ते द्यायचे एकट्या मालकाने. सरकारचा वाटा कायद्यात आलाच नाही.

पुढे काय झालं? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. त्या मुख्यतः रीळिंग आणि वाइंडिंग खात्यांत असत. १९३० नंतर त्यांचं प्रमाण उतरत गेलं, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत गिरणी म्हणजे पुरुषांचंच काम असं चित्र झालं. इतिहासकार त्याची अनेक कारणं देतात : यंत्रं बदलली, कामाचं सुसूत्रीकरण झालं, बायकांना रात्रपाळीला बंदी होती. आणि मालकाला बाई कामगार महाग वाटू लागली, हेही त्यातलं एक कारण सांगितलं जातं. एकट्या आठ आण्यांनी हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण एखाद्या सवलतीचं बिल एकाच माणसाच्या नावावर फाडलं, की तो माणूस ते बिल टाळायची वाट शोधतो, एवढं त्यातून नक्की शिकता येतं.

एक गोष्ट सांगून पुढे जाते. तो कायदा झाला तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्या आज्या-पणज्यांना त्या आठ आण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. बाळंतपणाच्या रजेच्या बाबतीत आपण तेव्हापासूनच कुंपणाबाहेर आहोत.

आता नंतरचा कायदा. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला गेला. १२ आठवड्यांचे २६ आठवडे झाले, पहिल्या दोन मुलांसाठी. त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असतील तर त्यानंतरच्या बाळंतपणाला १२ आठवडे. दुर्दैवाने गर्भपात झाला तर ६ आठवडे. जिथे ५० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय हवी. कायदा लागू होतो दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, आणि बाईने आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पुरतं. कायम, हंगामी, रोजंदारी असा भेद नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदारी बायकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलं. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात न्यायालयाने असंही सांगितलं, की कराराची मुदत मध्येच संपली तरी बाळंतपणाचा लाभ पूर्ण द्यावा लागतो. म्हणजे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेल्या लेकीसुनांनी "मला काहीच मिळणार नाही" असं गृहीत धरू नये. आणि आपल्या नर्स मैत्रिणीला जे सांगितलं गेलं, "घरी आराम कर, नंतर बघू," ते कायद्यात बसणारं नाही. या रजेच्या काळात बाईला कामावरून काढता येत नाही.

या कायद्याने काय केलं? मी गेली सात वर्षं टीम सांभाळते. माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. २०१७ च्या आधी आमच्याकडच्या मुली तीन महिन्यांनी परत यायच्या आणि वर्षाच्या आत त्यातल्या बऱ्याच राजीनामा द्यायच्या. लेकरू लहान, अंगावर पिणारं, रात्रीची झोप नाही, सांभाळायला माणूस नाही. सहा महिन्यांनी परत येणाऱ्या मुली जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे. सहा महिन्यांत बाळ वरचं खाऊ लागतं, बाईचं अंग सावरतं. ज्यांच्याकडे आधीच चांगली नोकरी आहे त्यांच्यासाठी हा कायदा फार मोठा आधार आहे.

दुसरी बाजूही मी पाहिली आहे. पूर्वी एका कंपनीत मी निवड समितीवर होते. दोन उमेदवार अगदी बरोबरीचे होते, एक मुलगा आणि एक नुकतंच लग्न झालेली मुलगी. एकजण सहज म्हणाला, "ही वर्षभरात सुट्टीवर जाणार." कुणी काही बोललं नाही, पण कागदावर मुलाचं नाव वर गेलं. मी वाद घातला आणि त्या वेळी मुलीची निवड झाली. पण ज्या खोलीत वाद घालणारं कुणी नसतं, तिथे काय होत असेल? मुलाखतीत "लग्न कधी करणार?" हा प्रश्न विचारला जातो तो उगाच नाही. २०१८ मध्ये टीमलीज या मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीने मालकांची पाहणी करून अंदाज काढला होता, की दहा क्षेत्रांत मिळून त्या आर्थिक वर्षात ११ ते १८ लाख बायकांच्या नोकऱ्यांवर या बदलाने परिणाम होऊ शकतो. तो अंदाज होता, मोजणी नव्हती, म्हणून त्याला ब्रह्मवाक्य मानू नका. पण मालकांच्या मनातली भीती त्यातून कळते. सरकारलाही ती कळली होती. २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्रीय कामगार मंत्रालयाने सांगितलं, की २६ पैकी ७ आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याची योजना विचाराधीन आहे. ती विचाराधीनच राहिली.

माझा धंदाच हिशेबाचा, म्हणून एक साधा हिशेब मांडते. समजा आपल्यापैकी कुणाचा बारा माणसांचा दवाखाना आहे. त्यातल्या एका नर्सचा पगार महिना १५,००० रुपये. ती बाळंतपणाला गेली तर सहा महिन्यांचे ९०,००० रुपये डॉक्टरांनी द्यायचे, शिवाय तिच्या जागी बदली बाई ठेवायची, तिचा पगार वेगळा. छोट्या दवाखान्याला हे जड जातं, हे मला मान्य आहे. आमच्या कंपनीला असे पाच-दहा पगार जाणवत नाहीत. बारा माणसांच्या दवाखान्याला एकही जाणवतो.

आता दुसरा मार्ग. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. जिथे ती लागू आहे तिथे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के भरतो. १५,००० पगारावर मालकाचे महिना साधारण ४८८ रुपये. त्या बदल्यात नर्स बाळंतपणाला गेली की २६ आठवड्यांचा पगार ईएसआय देतं, डॉक्टर नाही. आजारपण, अपघात, दवापाणी हेही त्यातच येतं. पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. नर्सच्या जागी वॉर्डबॉय ठेवला तरी डॉक्टरांना तेवढेच ४८८ रुपये भरायचे आहेत. बाईला न घेऊन एक रुपयाही वाचत नाही. त्यामुळे बाईला टाळायचं पैशाचं कारण जवळजवळ उरत नाही.

बाबासाहेब १९२८ मध्ये ज्या दिशेने बोलत होते ती हीच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा करारही हेच सांगतो, की बाळंतपणाचा पगार शक्यतो सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून जावा, एकट्या मालकाच्या माथी मारू नये. भारताने तो करार मान्य केलेला नाही. आपल्याकडे सगळ्यांसाठी असा एक निधी हवा, ज्यात प्रत्येक मालकाने बाई-पुरुष न पाहता थोडंथोडं भरायचं आणि उरलेला भार सरकारने उचलायचा. २६ आठवड्यांवर हरकत घेणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे : रजा कमी करायची गरज नाही, बिल वाटून घ्यायची गरज आहे.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत. अमेरिकेत १९९३ पासून देशपातळीवर १२ आठवड्यांची रजा आहे, तीही बिनपगारी आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांपुरती. तिथल्या मराठी घरांत मग काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आधी मुलीची आई सहा महिने, मग मुलाची आई सहा महिने, व्हिसाच्या मुदतीप्रमाणे पाळीपाळीने. दुसऱ्या टोकाला स्वीडन. १९७४ मध्ये तिथे आई आणि वडील दोघांनाही मिळणारी रजा आली. आज दोघांना मिळून ४८० दिवस असतात, पगार सामाजिक विम्यातून येतो, आणि त्यातले ९० दिवस फक्त वडिलांचे, ९० फक्त आईचे. वडिलांनी घेतले नाहीत तर वाया जातात. वेगवेगळ्या देशांच्या अनुभवातून अभ्यासकांचं साधारण मत असं दिसतं, की काही महिन्यांची, वर्षभराच्या आतबाहेरची पगारी रजा बाईला नोकरीशी जोडून ठेवते. पण फार लांबलचक रजा फक्त आईनेच घ्यायची असेल तर तिचा पगार आणि बढती मागे पडते. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं, की आज श्रीमंत देशांतही एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतला फरक मुख्यतः पहिल्या मुलापासून सुरू होतो. शिक्षण सारखं, सुरुवातीचा पगार सारखा, आणि लेकरू झालं की रस्ते वेगळे.

आता माझी नोकरी कशी टिकली ते सांगते. माझी आई पुण्याला आली आणि दीड वर्ष राहिली. गावाकडे दोन एकर कोरडवाहू, दोन म्हशी, वडील एकटे. आई आल्यावर म्हशी विकल्या. दुधाचे पैसे बंद झाले, त्या दोन हंगामांत खुरपणीला रोजाने बायका लावाव्या लागल्या. कायद्याने मला चौऱ्याऐंशी दिवसांची पगारी रजा दिली आणि माझ्या आईने दीड वर्षाची बिनपगारी. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर तिचं नाव कुठेच नाही. पुण्या-मुंबईत आज ज्या मराठवाड्याच्या मुली नोकऱ्या करतात, त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या मागे अशी एक आई किंवा सासू आहे. ज्या मुलीला अशी आई नाही, किंवा जिची आई स्वतःच रोजाने जाते, तिचं काय? २६ आठवड्यांनंतर सत्ताविसावा आठवडा येतोच. तिथे पाळणाघर लागतं, आणि नवरा लागतो.

म्हणून पुरुषांबद्दल दोन वाक्यं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात काही नाही, कंपनीची मर्जी. आमच्या ऑफिसात ती रजा आहे, तरी मुलं ती घ्यायला लाजतात. "बायको बाळंत झाली तर तू काय करणार घरी?" असं विचारणारे वरिष्ठ मी ऐकले आहेत. माझ्या टीममध्ये मी नियम केला आहे, की बाप होणाऱ्याने रजेच्या तारखा मला दोन महिने आधी सांगायच्या. घेणार का, असं मी विचारतच नाही. सगळे घेतात.

आता शेवटचा आणि आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा. आतापर्यंत मी जे बोलले ते पगारदार बायकांचं. सरकारच्या श्रमबल पाहणीप्रमाणे देशात पंधरा वर्षांवरच्या काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. ऐकायला छान वाटतं. पण या वाढीचा मोठा भाग खेड्यांतल्या, स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांचा आहे. त्यांना मालक नाही, पगार नाही, म्हणून रजाही नाही.

आणि ऊसतोड. दिवाळी झाली आहे, टोळ्या निघायला लागल्या आहेत. कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या गावांतून आणि शेजारच्या बीडमधून ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे चालले आहेत. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई एकटी कामगार म्हणून कुठे मोजलीच जात नाही. ती अर्धा कोयता. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. मग पोटुशी बाई आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळी वाहते. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे अनेक कारणं होती, पण खाडा पडू नये हे त्यातलं एक होतं. पाळीचे चार दिवससुद्धा जिथे परवडत नाहीत, तिथे २६ आठवड्यांची गोष्ट कुणाला सांगायची?

त्यांच्यासाठी सरकारची योजना आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना. पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, आणि अलीकडे दुसरी मुलगी झाली तर ६,०००. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातच गरोदर बाईला किमान ६,००० रुपये देण्याचं लिहिलं आहे. आता हिशेब करा. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये. म्हणजे ५,००० रुपये ही एका कोयत्याची सात दिवसांची कमाई. कायदा मला सहा महिन्यांचा पगार देतो आणि आपल्या वर्गातल्या चौथ्या मैत्रिणीला सात दिवसांचा, तोही फॉर्म, आधार आणि बँकेची कामं वेळेत झाली तर. हंगामात ती गावात नसते, त्यामुळे हप्ते अडकतात. साखरेच्या प्रत्येक पोत्यात तिचे हात आहेत. कारखाना, सरकार आणि ऊसतोड महामंडळ मिळून बाळंतपणाच्या हंगामात अर्ध्या कोयत्याची मजुरी भरून देणं अशक्य आहे असं मला वाटत नाही. टनामागे थोडे पैसे बाजूला काढले तरी निधी उभा राहतो. तत्त्व तेच, ईएसआयचं : सगळ्यांनी थोडंथोडं.

हे मोठं काम आहे आणि ते सरकारकडून करून घ्यावं लागेल. पण या पटांगणात बसलेल्यांना उद्यापासून करता येईल असंही काही आहे.

ज्यांच्याकडे माणसं कामाला आहेत त्यांना माझी विनंती आहे. दहाच्या वर माणसं असतील तर रजेचा नियम कामावर घेतानाच लेखी द्या, कायदाही तेच सांगतो. ईएसआय लागू होत असेल तर नोंदणी टाळू नका, त्यात तुमचंच हित आहे. दहाच्या आत असाल तर कायदा तुमच्या मागे लागणार नाही, पण जागा राखून ठेवायला पैसे लागत नाहीत. "सहा महिन्यांनी ये, जागा तुझीच आहे" हे एक वाक्य लिहून दिलं असतं, तर आपली तिसरी मैत्रीण कदाचित आज मेट्रन असती.

ज्यांची लेक नोकरीला लागणार आहे त्यांनी तिचं नेमणूकपत्र तिच्याबरोबर बसून वाचा. लग्न ठरवताना आपण पगार विचारतो, प्लॉट विचारतो. तसंच, लेकरू झाल्यावर ते कोण सांभाळणार आणि मुलगा किती दिवस रजा घेणार, हेही विचारा. आणि ज्यांच्या घरी सून येणार आहे त्यांनी हा प्रश्न समोरून यायची वाट पाहू नका.

गुरुजनांना एक सांगायचं आहे. आजही वर्गात काही मुलं अशी असतील, जी दिवाळीनंतर फडावर जातात आणि एप्रिलमध्ये परत येतात. त्यातल्या मोठ्या मुली कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळायला नेल्या जातात, कारण आईला रजा नसते. आईच्या न मिळालेल्या रजेची किंमत ती मुलगी शाळा बुडवून देते. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर अशा मुलींची नावं आधी घ्या, एवढीच विनंती.

आपल्या तुकडीचा निधी जमतो आहे. प्रवेशद्वाराची कमान, संगणक कक्ष, पाण्याची टाकी, अशा सूचना ग्रुपवर आल्या आहेत, सगळ्याच चांगल्या आहेत. माझी एक सूचना त्यात घाला. गावातच राहणाऱ्या, रोजाने जाणाऱ्या आयांच्या लेकरांसाठी दिवसभराचं पाळणाघर, अंगणवाडीच्या वेळेनंतर संध्याकाळपर्यंत चालणारं. दोन बायकांचा पगार आणि दुपारचं खाणं, एवढा खर्च. पहिल्या वर्षाचा अर्धा खर्च मी देते. जागा आणि उरलेला अर्धा आपण मिळून बघू. शिवणकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणीला मी विचारलं आहे. देखरेख करायला ती तयार आहे, मात्र पगार घेऊन. तिच्या अटीत मला काही चूक दिसत नाही.

जेवणाची वेळ झाली आहे आणि आचारी मघापासून माझ्याकडे बघतो आहे. ज्यांना पटलं त्यांनी जेवताना माझ्याशी बोला, ज्यांना पटलं नाही त्यांनी तर नक्कीच बोला.